चित्रातला घोडा आणि गाभाऱ्यातला देव

दक्षिण मुंबईत हुतात्मा चौकापासून छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयापर्यंत पसरलेला, पायी हिंडून सहज पालथा घालता येणारा जो परिसर 'काळा घोडा' या नावाने ओळखला जातो, तो आज या शहराचे कलाक्षेत्र मानला जातो. १९०५ साली कोनशिला बसलेले आणि १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले हे वास्तुसंग्रहालय, १९५२ सालचे जहांगीर कलादालन, १९११ साली सार्वजनिक सभागृह म्हणून उभी राहिलेली आणि १९९६पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला मिळालेली सर कावसजी जहांगीर हॉलची इमारत, १८७० सालचे डेव्हिड ससून वाचनालय आणि १९९९पासून फेब्रुवारीच्या सुमारास इथल्या रस्त्यांवर भरणारा नृत्य, नाट्य, संगीत व चित्रशिल्पांचा महोत्सव, अशी या क्षेत्राची घडण आहे. पाहणे हाच जिथे येण्याचा हेतू असतो अशा या परिसरात धर्मविचाराच्या दृष्टीने एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या मूर्तीसमोर कधी काळी दिवा लागत होता ती काचेमागे किंवा चौथऱ्यावर मांडली गेली, आणि जे नृत्य देवापुढे होत होते ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे झाले, म्हणजे त्यांतले पावित्र्य जाते, उरते, की मुळात ते त्या वस्तूत वा त्या हालचालीत नव्हतेच?

या प्रश्नाला सुशिक्षित वर्तुळात एक तयार उत्तर दिले जाते, ते असे की कलादालन हेच आधुनिक माणसाचे मंदिर आहे. उत्तराला आधार आहे, हे मान्य करावे लागते. दोन्ही ठिकाणी आवाज खाली येतो, वस्तू उंचावर ठेवलेली असते, प्रकाश तिच्यावर केंद्रित केलेला असतो आणि स्पर्शाला मनाई असते. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली सौंदर्याचा आनंद हा हितसंबंधरहित असतो, म्हणजे वस्तू आपल्याला मिळावी किंवा उपयोगी पडावी ही इच्छा त्यात नसते, असे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून कलानुभवाला एक प्रकारचे वैराग्याचे वलय आले. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेच्या अनुभवाला इतर जीवनापासून सर्वस्वी वेगळे मानणाऱ्या मताला अलौकिकतावाद आणि त्याला जीवनाशी जोडणाऱ्या मताला लौकिकतावाद अशी नावे देऊन या दोन टोकांमधील ओढाताण तपशिलाने तपासली. तथापि कलानुभव अलौकिक आहे असे मानले तरी तो धार्मिक आहे असे त्यातून निघत नाही, आणि मंदिराची उपमा इथेच घाई करते.

ही घाई कुठे होते हे समजण्यासाठी भारतीय रसचर्चेतला एक घोडा उपयोगी पडतो. नवव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या श्रीशंकुकाने, रंगभूमीवरच्या नटाला पाहताना प्रेक्षकाला 'हा राम आहे' असे जे वाटते ते कोणत्या जातीचे ज्ञान असते, असा प्रश्न विचारला. ते यथार्थ ज्ञान नव्हे, कारण नट राम नाही. ते मिथ्या ज्ञान नव्हे, कारण नंतर 'अरे, हा राम नव्हता' असा बाध होऊन प्रेक्षक फसल्यासारखा घरी जात नाही. ते संशयज्ञान नव्हे आणि 'हा रामासारखा दिसतो' असे सादृश्यज्ञानही नव्हे. ते चित्रात काढलेल्या घोड्याकडे पाहून 'हा घोडा' असे म्हणण्यासारखे, या चारींहून निराळे ज्ञान असते. यालाच साहित्यशास्त्रात चित्रतुरगन्याय म्हणतात. शंकुकाचे मत अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी खोडून काढले आणि पुढे ते मागे पडले. परंतु कलेतल्या पाहण्याला ज्ञानाच्या रूढ कप्प्यांत बसवता येत नाही ही त्याची सूक्ष्म जाण टिकली. ज्या परिसराला घोड्याचे नाव आहे त्याच्या संदर्भात हा न्याय आठवावा हा योगायोगच. तिथला मूळ घोडा, म्हणजे १८७९ साली उभारलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवा एडवर्ड) अश्वारूढ पुतळा, १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला, नाव मात्र पन्नासहून अधिक वर्षे घोड्याशिवाय नांदले, आणि २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसवला गेला तो स्वाराशिवाय. राजा उतरला आणि वाहन राहिले, याविषयी कोणाची तक्रार ऐकू येत नाही.

शंकुकानंतरच्या आचार्यांनी प्रश्न पुढे नेला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: काव्यनाट्यातील सीता ही अमुक राजाची अमुक कन्या राहत नाही, तिचे व्यक्तिगत विशेष गळून पडतात, आणि त्याबरोबरच पाहणाऱ्याचेही 'मी अमुक, मला हे हवे, त्याला ते नको' असे विशेष काही काळ विरतात. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती' या नाट्यशास्त्रावरील टीकेत रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक असे की पाहणारा विशिष्ट देश आणि विशिष्ट काळ यांत, ते स्वतःचे म्हणून किंवा दुसऱ्याचे म्हणून, गुंतून पडतो. रंगमंचावरचे दुःख पाहून ज्याला आपले घरचे दुःख आठवते आणि जो त्यातच बुडतो, त्याला करुणरस मिळत नाही. त्याला केवळ शोक होतो. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले, तेही याच अर्थाने की दोन्हींत 'मी'ची कड बोथट होते. पण सहोदर म्हणजे सख्खा भाऊ, तोच नव्हे, हे विश्वनाथाला पुरते ठाऊक होते. 'कला हाच धर्म' म्हणणारे मात्र ते विसरतात.

आता या साधारणीकरणाशेजारी पूजेच्या आरंभी केला जाणारा संकल्प ठेवून पाहावा. संकल्प म्हणजे कर्म करण्याचा उच्चारलेला निश्चय. त्यात यजमान चालू कल्प, मन्वंतर आणि युग यांपासून सुरुवात करून संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र सांगतो. जंबुद्वीपापासून निघून दंडकारण्यात, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत ते सांगतो. मग आपले गोत्र आणि नाव सांगतो, आणि शेवटी कशासाठी हे कर्म करतो तेही सांगतो. अभिनवगुप्ताने रसाचे विघ्न म्हणून जे जे बाजूला काढले, देश, काळ, स्वत्व आणि इच्छा, नेमके तेच संकल्पात एकेक करून मांडले जाते. देवापुढे येणारा माणूस सामान्य होऊन येत नाही. तो नाव-गाव घेऊन, मुलीच्या लग्नाची किंवा आजारी आईची काळजी घेऊन येतो. संकल्प न करता नुसते हात जोडणाऱ्याच्या मनातही हीच रचना असते, आणि वैराग्यशील भक्ताने काहीच मागितले नाही तरी 'तुझा मी' एवढे तो म्हणतोच. दर्शन या शब्दाने जो व्यवहार ओळखला जातो त्यात देवही भक्ताला पाहत असतो. म्हणून मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे नेत्रोन्मीलनाचा, स्वतंत्र विधी असतो. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला पाहणाऱ्याची ओळख लागते. रसिकाकडे मात्र चित्र पाहत नाही, आणि रसिकाचीही तशी अपेक्षा नसते.

संग्रहालयात या व्यवस्थेची जणू उलटापालट झालेली असते. मंदिरात देव देशकालातीत असतो आणि भक्ताला गोत्र असते. संग्रहालयात मूर्तीला गोत्र मिळते आणि पाहणारा निनावी होतो. माहितीपट्टीवर मूर्तीचे प्राप्तिस्थान, शतक, दगडाची जात, घराणे आणि शैली लिहिलेली असते, म्हणजे मूर्तीचा संकल्पच तिथे लिहिलेला असतो, आणि ती वाचणारा कोण, कुठला, कशासाठी आला, हे कोणी विचारत नाही. कलादालन आणि गाभारा यांच्यातला फरक आदराच्या प्रमाणात नाही, वस्तूच्या मोठेपणातही नाही. कोणाचे विशेष बाहेर ठेवायचे आणि कोणाचे आत घ्यायचे, या व्यवस्थेत तो आहे.

ही उलटापालट म्हणजे केवळ हानी, असे मानण्याकडे श्रद्धावंतांचा कल असतो. तो तपासून घ्यावा लागतो. 'तू कोण?' हा मंदिराचा प्रश्न नेहमीच प्रेमाचा नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी याच मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे उंबऱ्याबाहेर आहे. याच काळात मुंबईच्या संग्रहालयात विष्णू आणि शिव कोणाची जात न विचारता सर्वांसमोर उभे होते; कारण जात विचारण्याची सोय संग्रहालयाच्या कल्पनेतच नव्हती. रसचर्चेतला 'सहृदय', म्हणजे कवीच्या हृदयाशी आपले हृदय जुळवू शकणारा रसिक, हादेखील तत्त्वतः जातीने ठरत नाही. निनावीपणाने भक्ताचे जे जाते त्याच्या कितीतरी पट अधिक त्याने काहींना दिले, आणि दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडल्याखेरीज या प्रश्नाचा प्रामाणिक विचार होत नाही.

राहिला मूर्तीचा प्रश्न. वास्तुसंग्रहालयात घारापुरीहून आलेली भग्न महिषासुरमर्दिनी आहे, ऐहोळेच्या मंदिराच्या छतातून आलेला ब्रह्मदेवाचा शिलापट आहे, सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाच्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. या देवता अजून देवता आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर आधुनिक कलाविचाराकडून मागण्याआधी परंपरेकडून मागावे. कारण परंपरेने याचा विचार संग्रहालये निघण्याच्या कितीतरी आधी केलेला आहे. प्राणप्रतिष्ठा म्हणजे मूर्तीत देवतेचे सान्निध्य मंत्रपूर्वक आणणे. त्याआधी ती शिल्प असते. हे सान्निध्य परतही पाठवता येते. भाद्रपदात घरोघरी बसणाऱ्या गणपतीची उत्तरपूजा झाली की अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवतात, आणि तेवढ्याने ती पुन्हा माती होते. पाण्यात सोडणे हा त्यानंतरचा भाग. देवळाचा जीर्णोद्धार करायचा असेल तेव्हा मूर्तीतली देवकला कुंभात आकर्षून घेतात, याला कलाकर्षण म्हणतात, आणि काम संपेपर्यंत देव त्या पाण्यात किंवा बालालय नावाच्या तात्पुरत्या देवळात राहतो. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. या दृष्टीने पाहता दगड दगडच असून त्यात देव येतो-जातो, ही गोष्ट परंपरेला मुळीच धक्कादायक नाही. तिला खटकते ते वेगळेच: निरोप न देता झालेले स्थलांतर. उत्तरपूजा न होताच जी मूर्ती उचलली गेली, चोरली गेली किंवा विकली गेली, तिच्याबाबत परंपरेचे म्हणणे असे होईल की देव अजून तिथे अडकलेला आहे आणि त्याचे उपचार राहिलेले आहेत. म्हणून एकाच दालनातल्या शेजारशेजारच्या दोन मूर्तींची धार्मिक स्थिती वेगवेगळी असू शकते, आणि माहितीपट्टीवर सहसा न लिहिलेली नेमकी हीच बाब असते.

हा विचार फक्त मूर्तिपूजकांचा आहे असेही नाही. याच परिसरात निळसर रंगाचे केनेसेथ एलियाहू हे ज्यूंचे प्रार्थनागृह आहे. बगदादी ज्यू घराण्यातील जेकब ससून यांनी ते १८८४ साली वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. प्रतिमा हाच विषय असलेल्या वस्तीत प्रतिमा निषिद्ध मानणारा धर्म आपले घर सांभाळून आहे, हे दृश्य खरोखर विचार करायला लावणारे आहे. परंतु प्रतिमा नाही म्हणून पवित्र वस्तूच नाही, असे तिथे नाही. हाताने लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या तिथे परमपवित्र असतात, आणि त्या जीर्ण होऊन वाचनास अयोग्य ठरल्या की ज्यू परंपरेत त्यांना फेकत नाहीत. गेनीझा नावाच्या जागी राखून यथाकाल त्यांचे दफन करतात. गणपतीचे विसर्जन आणि तोराचे दफन यांच्या मागे एकच समज आहे: पवित्र वस्तूचा शेवटही विधीनेच व्हावा. संग्रहालय या समजुतीला मुळातच विरोधी आहे, कारण काहीही संपू द्यायचे नाही हे त्याचे ब्रीद आहे. जतनाचा धर्म आणि विसर्जनाचा धर्म यांतला हा झगडा 'श्रद्धा विरुद्ध कला' या नेहमीच्या मांडणीपेक्षा अधिक खोलवरचा आहे.

तथापि विधीने देव येतो आणि विधीने जातो, हा सिद्धांत सर्व श्रद्धांना पुरत नाही. काळ्या घोड्यापासून फार दूर नसलेल्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत सोपाऱ्याचे अवशेष आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याच्या स्तूपात उत्खनन केले तेव्हा एका दगडी करंड्यात एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या आणि त्यांच्या गाभ्याशी मातीच्या भांड्याचे लहान तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून तिथे ठेवले असावेत, असे त्यांनी अनुमान केले. बौद्ध परंपरेत अवशेषांचे तीन प्रकार सांगतात: देहाचे ते शारीरिक, वापरात आलेले ते पारिभोगिक, आणि केवळ स्मरणासाठी घडवलेले ते उद्देशिक. मूर्ती या तिसऱ्या प्रकारात मोडते, भिक्षापात्र दुसऱ्या. इथे पावित्र्य प्रतिष्ठेने आलेले नाही, स्पर्शाने आलेले आहे, आणि स्पर्श एकदा होऊन गेला की तो कोणत्याही मंत्राने परत पाठवता येत नाही. महाराष्ट्रातील महानुभाव पंथाची भूमिकाही याच्या जवळ जाते: देवतांच्या मूर्तींची पूजा हा पंथ मानत नाही, पण श्रीचक्रधरांच्या चरणांचा संबंध झालेली स्थाने आणि त्या ठिकाणचे ओटे वंद्य मानतो. अशा वस्तूबाबत 'संग्रहालयात आल्यावर ती अजून पवित्र आहे काय' हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण तिने कुठेही असताना तो संबंध हरवलेला नसतो. सोपाऱ्याची खापरे कपाटात आहेत म्हणून बौद्ध उपासकाच्या लेखी ती रतिभरही कमी होत नाहीत.

याच्या नेमके उलट टोक हुतात्मा चौकात दिसते. १८६४ साली उभारलेल्या कारंज्यावर फ्लोरा उभी आहे. ही प्राचीन रोमची फुलांची देवता, आणि तिच्या नावाने तिथे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत उत्सव चाले. मुंबईत ती आली तेव्हाच तिचे भक्त शतकानुशतकांपूर्वी संपले होते. ती देवता म्हणून आलीच नाही, शोभा म्हणून आली. तिच्याशेजारी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले, हाती मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचे, आणि दरवर्षी महाराष्ट्र दिनी, म्हणजे नेमके फ्लोराच्या जुन्या उत्सवाच्या दिवसांत, तिथे पुष्पचक्रे वाहिली जातात. फुलांच्या देवतेसमोर फुले येतात ती तिच्यासाठी नव्हेत. ज्याची प्राणप्रतिष्ठा कोणी केली नाही त्या स्मारकाला उपचार मिळतात, आणि जी एके काळी खरोखर देवी होती तिला मिळत नाहीत.

दृश्यकलेची ही गुंतागुंत प्रयोगकलांना लागू होत नाही, किंवा अगदी निराळ्या रीतीने लागू होते, आणि दोन्ही कला एकाच परिसरात नांदत असल्याने हा भेद इथे स्पष्ट दिसतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली कथा अशी आहे की देवांचा दैत्यांवरील विजय दाखवणारा पहिला प्रयोग सुरू होताच विघ्नांनी तो बंद पाडला, नटांची वाणी आणि स्मृती थिजवली; मग नाट्यगृह बांधले गेले, त्याच्या प्रत्येक भागावर रक्षक देवता नेमल्या गेल्या, आणि रंगपूजेवाचून प्रयोग करू नये, अशी पूजा यज्ञासारखी आहे, असा दंडक घातला गेला. प्रयोगापूर्वीच्या या विधींना पूर्वरंग म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या 'सीतास्वयंवर'पासून मराठी नाटकाने हा पूर्वरंग आपल्या पद्धतीने चालवला: सूत्रधार, गणपती आणि मोरावर बसून येणारी सरस्वती यांच्याशिवाय खेळ लागत नसे. कोकणातल्या दशावतारात तो आजही चालतो. आणि अभिनवगुप्ताचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे: देशकालात गुंतून पडण्याचे जे विघ्न त्याने सांगितले त्यावरचा उपाय म्हणून तो पूर्वरंग, वेषभूषा यांसारख्या नाट्यधर्मांकडेच बोट दाखवतो. म्हणजे एकच विधी नटाच्या बाजूने पूजा असतो आणि प्रेक्षकाच्या बाजूने साधारणीकरणाची तयारी. संकल्प आणि साधारणीकरण, जे मूर्तीच्या बाबतीत दोन इमारतींत विभागले गेले, ते रंगभूमीवर एकाच क्षणी एकमेकांना पाठ लावून उभे असतात.

म्हणूनच महोत्सवात रस्त्याकडेला उभारलेल्या लाकडी मंचावर नर्तकी भूमीला नमस्कार करून नृत्य सुरू करते तेव्हा पावित्र्य कुठून आणले, हा प्रश्न तिला पडत नाही. मूर्तीला देऊळ सोडावे लागले. नर्तकीने देऊळ देहाबरोबर आणलेले असते. समोरचा प्रेक्षक चपला घालून, हातात खाण्याचा पुडा घेऊन उभा असला तरी तिची पूजा खोटी ठरत नाही, कारण ती त्याच्यावर अवलंबूनच नव्हती. कीर्तनाचा इतिहास याहून पुढची गोष्ट सांगतो. नारदीय कीर्तनात आख्यान, गायन, अभिनय आणि विनोद इतके असते की ते कलाच म्हणावे, पण कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात आणि संपल्यावर श्रोते त्याच्या पाया पडतात. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंनी १८८०च्या सुमारास हा प्रकार उचलला आणि अब्राहम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. ख्रिस्ती समाजानेही तो स्वीकारला. मूर्ती एका धर्मातून दुसऱ्यात गेली असती तर तिचे रूप बदलावे लागले असते किंवा तिला फोडावे लागले असते. कीर्तन गेले ते टाळ आणि चाली घेऊन, धडधाकट. प्रयोगाला वस्तूचे ओझे नसते, हे त्याचे भाग्य. पण प्रयोग संपला की काहीच उरत नाही, हा त्याचा दंडही आहे, आणि जपण्याच्या हव्यासातून त्याचे मुद्रण केले की मूर्तीचे सगळे प्रश्न त्याच्याही मागे लागतात.

त्या मुद्रणाची सुरुवातही याच परिसरातली. ७ जुलै १८९६ रोजी काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. भारतातला हा पहिला चित्रपटखेळ. वीस-पंचवीस वर्षांतच दादासाहेब फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांत पडद्यावर राम-कृष्ण दिसताच प्रेक्षक हात जोडत, लोटांगण घालत, असे चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. त्याआधीच, १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचल्या होत्या. युरोपीय तैलचित्रणाच्या शाळेतून आलेली, प्रदर्शनात पारितोषिकासाठी मांडावी अशी चित्रे पूजेत गेली. कलेकडून पूजेकडे जाणारी ही वाहतूक पूजेकडून कलेकडे येणाऱ्या वाहतुकीपेक्षा बरीच मोठी आहे, आणि 'संग्रहालयाने देवांना कलावस्तू केले' असे म्हणणाऱ्यांनी ती हिशेबात धरायला हवी. छापील लक्ष्मीपुढे उदबत्ती लावणाऱ्या गृहिणीने शंकुकाचा चित्रतुरग वाचलेला नसतो, तरी चित्रातल्या लक्ष्मीला ती लक्ष्मीसारखी म्हणत नाही, लक्ष्मी म्हणते. मात्र तिचे ज्ञान रसिकाचे नव्हे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतीकोपासनेचा विचार करताना असा निर्णय दिला आहे की लहानात मोठे पाहावे, प्रतीकावर ब्रह्मदृष्टी करावी, ब्रह्मावर प्रतीकदृष्टी करू नये. शाळिग्रामात हरी पाहतात तसे. ही दृष्टी जाणूनबुजून केलेली असते, भ्रम नसते, आणि तिला कागद, दगड, पडदा यांची तेवढी पर्वा नसते. पाहणारा स्वतः तीत गुंतलेला असावा लागतो, इतकेच.

म्हणून संग्रहालयातल्या विष्णूसमोर एखादा पाहुणा क्षणभर हात जोडतो तेव्हा त्याला अडाणी समजणे चुकीचे आहे, आणि त्याने हात जोडले म्हणून दालन मंदिर झाले असे समजणेही चुकीचे आहे. त्याने आपला संकल्प बरोबर आणला होता. दालनाने तो मागितला नव्हता आणि नाकारलाही नाही. परळच्या शिवशिल्पाने हा व्यवहार दोन ठिकाणी वाटून घेतला आहे. पाचव्या-सहाव्या शतकातला, तीन मीटरांहून उंच असलेला, एकातून एक उगवणाऱ्या शिवरूपांचा हा अखंड शिलापट १९३१ साली परळ भागात रस्त्याचे काम चालू असताना सापडला. तो संग्रहालयात गेला नाही. बारादेवीच्या मंदिरात स्थिरावला आणि तिथे त्याची पूजा होते. संग्रहालयात आहे तो त्याचा साचा. गुप्तोत्तर शिल्पशैलीचा अभ्यास ज्याला मूळ दगडावरूनच करायचा आहे त्या अभ्यासकाला परळला जाऊन, चपला बाहेर काढून, आधी पूजा उरकण्याची वाट पाहावी लागते.